माणसं तिथे राहतातच कशाला?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सी विंगमधील एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. अनेकांनी मागणी केल्यामुळे किरकोळ दुरुस्त्या करून येथे छापत आहोत. – संपादन समिती)



कमिटीने मला विषय दिला होता ‘पंचवीस वर्षांच्या आठवणी’. सदतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आठवणी सांगायला लागला की थांबत नाही, हे कमिटीला ठाऊक असावं, कारण मला पंधराच मिनिटं दिली आहेत. पण मी विषय थोडा बदलून घेतला आहे. त्याबद्दल अध्यक्षसाहेबांची आधीच माफी मागतो.

त्याचं कारण असं. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी रात्रीत दरडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर तीच चर्चा. कुणीतरी म्हणालं, “पण ही माणसं अशा ठिकाणी राहतातच कशाला?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. चहा झाला आणि आपण आपापल्या घरी गेलो.

घरी आल्यावर मात्र मला झोप लागेना. कारण हाच प्रश्न मी आयुष्यात दोनदा, समोरासमोर, दोन माणसांना विचारला होता. एक माझे वडील आणि दुसरे कृष्णाकाठचे एक शेतकरी. आणि तिसऱ्यांदा तो मला स्वतःला विचारायला हवा होता, तो विचारला नव्हता. आज ते तिन्ही हिशोब तुमच्यापुढे मांडतो.

पहिला हिशोब १९६१ चा. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं आणि पावसानं ते भरत चाललं होतं. जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवायचा प्रयत्न केला, हे पुढे मोठेपणी वाचलं. पानशेतपाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि ते सगळं पाणी पुण्यात शिरलं. मला आठवतं ते एवढंच, की आईनं एका हातात धाकट्या बहिणीला आणि दुसऱ्या हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला होता आणि आम्ही धावत होतो. चार दिवसांनी परत आलो तर आमच्या खोलीत कमरेएवढा चिखल होता. भिंत अर्धी पडलेली. माझी पाटी आणि पुस्तकं कुठे गेली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे सरकारनं पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत जागा दिल्या. आमच्या वाड्यातली काही बिऱ्हाडं गेली. वडील गेले नाहीत. भिंत बांधून घेतली, चुना मारला आणि त्याच खोल्यांत पुन्हा संसार मांडला. मॅट्रिकच्या वर्षी, नुकतं शिंग फुटलेलं असताना, मी त्यांना विचारलं, “नाना, आपण इथेच का राहिलो?” ते एका छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणाले, “छापखाना चालत सात मिनिटं. तुमची शाळा पाच मिनिटं. भाडं चौदा रुपये. लांब गेलो असतो तर सायकल घ्यावी लागली असती आणि ओव्हरटाइम बुडाला असता. नदी एकदा आली. महिन्याची पहिली तारीख दर महिन्याला येते.”

मंडळी, अर्थशास्त्रात पदवी घेतली, बँकेच्या परीक्षा दिल्या, पण धोका म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नाही. संकट कधीतरी येतं. पोट रोज येतं. ज्याच्या हातात चौदाच रुपये आहेत, तो रोजच्या संकटाचा बंदोबस्त आधी करतो.

आता दुसरा हिशोब. १९८८ ते १९९१ या काळात मी सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठच्या एका गावी शाखाधिकारी होतो. ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांना सांगतो, नदीकाठची ती जमीन म्हणजे ‘मळी’. दर पावसाळ्यात नदी पसरते, ओसरताना गाळ ठेवून जाते. त्या गाळात वांगी अशी येतात की लोक कृष्णाकाठची वांगी म्हणून मागून घेतात. ऊस आणि हळद तर आहेच. मळीतल्या एकराला वरच्या माळाचे कितीतरी एकर देऊनही कुणी विकायला तयार होत नसे.

तिथे एक शेतकरी होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. त्यांनी म्हशींसाठी आणि गोठा-घर बांधायला कर्ज मागितलं. जागा पाहायला गेलो तर नदी हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, “आबा, वर माळावर बांधा की. इथं पाणी येतं म्हणता आणि इथंच बांधता?”

आबा हसले. “सायेब, पानी काय रोज येतंय व्हय? चार दिस त्येचं, बाकी वरीसभर आमचं. आन् माळावर गेलो तर म्हशी काय दगडं खातील? रातच्याला मोटार चालू कराय कोन येनार खाली?”

मी कागदपत्रं तपासली. सात-बारा स्वच्छ, बोजा नाही, जामीनदार चांगले. कर्ज मंजूर केलं. आबांनी हप्ते वेळेवर फेडले. बँकेच्या दृष्टीनं ते खातं अगदी आदर्श होतं. २००५ च्या महापुरात त्या घरात स्लॅबला पाणी लागलं. माणसं वाचली, चार म्हशी दावणीलाच गेल्या. मी तेव्हा पुण्यात होतो. पुढच्या दिवाळीत मुद्दाम भेटायला गेलो. त्यांच्या मुलानं वर माळावर दोन खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांना कुलूप होतं. माणसं खाली, नदीकाठीच राहत होती. या वेळी मी काही विचारलं नाही.

त्या भागात नदीचं आणि माणसांचं नातंही वेगळं आहे. नरसोबाच्या वाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे नदीचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. लोक लांबून त्या पाण्यात स्नानाला येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. म्हणजे देवसुद्धा तिथून गाव सोडून जात नाही, पण पाणी चढलं की वरच्या जागी जातो. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नदीजवळ राहायचं आणि नदीला वाट देऊन राहायचं, ही त्या काठाची जुनी रीत आहे.

ती रीत अलीकडे कुठे मोडली, तेही सांगतो. सांगलीत आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सांगलीचा माणूस पावसाळ्यात सकाळी उठला की आधी विचारतो, “आयर्विनला किती?” २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. जुनी माणसं २००५ च्या खुणेवर विसंबून होती. तेव्हा उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आता त्याहून जास्त काय येणार, असा त्यांचा अंदाज होता. कितीतरी जण गुरांना सोडून निघायला तयार नव्हते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि सतरा माणसं गेली. ब्रह्मनाळ कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. तिथल्या माणसांना पाणी नवीन नव्हतं. जे पाणी आपल्याला माहीत आहे असं वाटतं, त्यानंच घात केला.

तेव्हा ‘राहतातच कशाला’ याचं पहिलं उत्तर असं, की जी गोष्ट संकट आणते तीच पोटाला देते. हे फक्त आपल्याकडे नाही. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई शहर राखेत गाडलं. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी लाखो लोक राहतात आणि त्या राखेच्या मातीत द्राक्षं पिकवतात. त्यांना हसण्याआधी आपणही आठवावं, की आपला सह्याद्री आणि आपली काळी माती हीसुद्धा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचीच देणगी आहे.

दुसरं उत्तर, आपल्याच जिल्ह्यातल्या माळीणचं. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही, हे आधी एसटीच्या ड्रायव्हरच्या लक्षात आलं. पुढे २०१७ मध्ये जवळच आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं. जवळच का? कारण शेती तिथे, हिरडा तिथे, देव तिथे, सोयरे तिथे. शंभर किलोमीटरवर बंगला दिला तरी माणूस एकटा पडतो.

आणि हे आपल्या मुळशीकरांना कुणी वेगळं सांगायला नको. १९२१ साली याच तालुक्यात, धरणात गावं जाणार म्हणून मावळ्यांनी सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. जिथे पाऊस छप्पर फोडतो, चार महिने सूर्य दिसत नाही, अशी ती भाताची खाचरं. पुण्याच्या माणसाला वाटलं असेल, त्या चिखलात आहे काय? पण ज्याचं खाचर होतं त्याला जीव आणि जमीन या दोन वेगळ्या वस्तू वाटत नव्हत्या.

तिसरं उत्तर सगळ्यात साधं आहे. पुष्कळांना निवडच नसते. इर्शाळवाडीच्या ठाकरांपुढे खाली रस्त्यालगतचा प्लॉट आणि वरची वाडी असे दोन पर्याय कुणी ठेवले नव्हते. नदीपात्राजवळची, डोंगर उतारावरची जागा स्वस्त असते, आणि ती स्वस्त का आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला ‘राहतोस कशाला’ विचारणं म्हणजे उपाशी माणसाला ‘जेवत का नाही’ विचारण्यासारखं आहे.

मंडळी, मग ज्यांना निवड होती अशी माणसं कोण? तर ती आपण. आता तिसरा हिशोब. तो आपला आहे, आणि त्यात माझी चूक मोठी आहे.

२००० साली आपल्या सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा आपण काय पाहिलं होतं? पौड रस्ता, मोकळी हवा, पुण्याच्या निम्म्या भावात फ्लॅट, आणि पिरंगुटचा घाट उतरला की कान गार व्हायचे ते वेगळंच. मी तर कर्जाची कागदपत्रं तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. सर्च रिपोर्ट पाहिला, एन.ए. ऑर्डर पाहिली, मंजूर नकाशा पाहिला, कार्पेट एरिया टेपनं मोजला. पण या जमिनीत आधी काय पिकत होतं, हे मी विचारलं नाही. पहिल्याच पावसाळ्यात आपल्याला दूध घालणाऱ्या गावातल्या मामांनी सांगितलं, “साहेब, तुमची ही मागची बिल्डिंग आहे ना, तिथं आमची आंबेमोहराची खाचरं व्हती.” खाचर म्हणजे काय? बांध घालून मुद्दाम पाणी अडवायची जागा. जिथे शेकडो वर्षं माणसांनी पाणी साठवलं, तिथे आपण तळमजल्यावर पार्किंग केलं.

आणि मागचा ओढा. नवीन सभासदांना तो माहीतच नसेल, कारण तो आता दिसत नाही. टेकडीवरून येऊन कंपाउंडच्या कडेनं जायचा. आठ महिने कोरडा, कचरा पडायचा, डास व्हायचे. गाड्या वाढल्या, पार्किंगवरून भांडणं होऊ लागली. २००९ च्या वार्षिक सभेत ठराव आला, ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून वर स्लॅब घालायचा आणि अकरा गाड्यांची सोय करायची. मी तेव्हा खजिनदार होतो. खर्चाचा तक्ता मी केला, हप्ते मी बसवून दिले आणि ठरावाच्या बाजूनं भाषणही मीच केलं. “आठ महिने कोरड्या असणाऱ्या नाल्यासाठी आपण जागा वाया का घालवायची?” हे माझे शब्द, इतिवृत्तात आहेत. मामा गेटपाशी उभे होते. म्हणाले, “साहेब, वड्याला त्याची वाट लागती बरं का.” मी हसलो. आबा मला हसले होते तसाच.

फरक एवढाच, की आबा नदीला ओळखून हसले होते. मी ओढ्याला न ओळखता हसलो.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. नदीला नव्हे, ओढ्याला. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर या भागांत भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, पुणे परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसं मेली. ज्या सहकारनगरात पानशेतच्या पूरग्रस्तांना जागा मिळाल्या होत्या, तिथेच अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा पाणी शिरलं. तेव्हाही मला आपला ओढा आठवला नाही. आठवला तो गेल्या वर्षी, २५ जुलै २०२४ ला. आपल्या वरच्या अंगाला ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, पुण्यात एकतानगरीत बोटी फिरल्या आणि इथे पाइप तुंबून डी विंगच्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या वर पाणी आलं. रात्री दोन वाजता वॉचमनची बायको दोन मुलांना घेऊन जिन्यात बसली होती. त्यांची खोली तळमजल्यालाच आहे. बाकी आपण सगळे वर झोपलो होतो. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज आला तो गाडीच्या इन्शुरन्सचा. मी नाव घेत नाही, पण मेसेज माझाच होता.

आता बँकवाल्याचं थोडं गणित, कंटाळू नका. आपलं जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ ऐकलं की आपल्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नाही. याचा अर्थ, दर वर्षी पंचवीसात एक शक्यता, आणि पाणी मागचं वर्ष लक्षात ठेवत नाही. हिशोब मांडला तर असा पूर पंचवीस वर्षांत निदान एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट निघते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत शंभरात छप्पन्न. कर्जदार हप्ते बुडवण्याची शक्यता शंभरात छप्पन्न असती, तर मी त्या फाइलला हातही लावला नसता. आपल्या लहानशा ओढ्याला निळी रेषा कुणी आखलेली नाही. पण आपली सोसायटी आज पंचवीस वर्षांची आहे, एवढं लक्षात ठेवा.

मला कुणाला घाबरवायचं नाही. पिरंगुट सोडून जा, असंही मी म्हणत नाही. मी स्वतः इथूनच जाणार आहे, तेही वरच. धोका नाही अशी जागा कुठे आहे? किल्लारीच्या लोकांनी पूर पाहिला नव्हता, डोंगर पाहिला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जमीनच हलली. तेव्हा धोक्याजवळ राहणं हा काही मूर्खपणा नाही. नाना मूर्ख नव्हते, आबा मूर्ख नव्हते, माळीणचे लोक तर नव्हतेच. त्यांना आपल्या जागेचा धोका ठाऊक होता आणि त्याच्या बदल्यात काय मिळतं हेही ठाऊक होतं. आपल्याला काय मिळालं? अकरा गाड्यांची जागा. आणि त्याचा धोका कुणाच्या नावे टाकला? तळमजल्यावरच्या चार माणसांच्या. ज्यांनी त्या सभेत मत दिलं नव्हतं, कारण ते सभासदच नाहीत.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. अजेंड्यावर सातवा विषय आहे, ओढ्यावरचा स्लॅब काढून ओढा मोकळा करणे आणि वॉचमनची खोली पहिल्या मजल्यावरच्या सोसायटी ऑफिसशेजारी हलवणे. इंजिनिअरचं एस्टिमेट कमिटीकडे आहे. दर फ्लॅटमागे वर्गणी पडेल, ती थोडी नाही. अकरा जणांचं पार्किंग जाईल. त्यातलं सात नंबरचं माझं आहे. त्याचं सरेंडरचं पत्र मी आज सकाळी सचिवांना दिलं आहे. उरलेल्या दहा जणांशी मी घरी येऊन बोलेन. चहा मात्र बिनसाखरेचा द्या.

पावसाळ्याच्या आत हे काम झालं तर फार बरं होईल. गेल्या रौप्यमहोत्सवाचा विषय काय होता, हे सुवर्णमहोत्सवात सांगायला मी नसेन. पण मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी असेल. त्यांना तेव्हा कुणी विचारलं, “तुम्ही या ओढ्याकाठी राहताच कशाला?”, तर त्यांच्याकडे आबांसारखं सरळ उत्तर असावं, एवढीच इच्छा आहे.

पंधराची वीस मिनिटं झाली. वडापाव गार होताहेत. आता थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!